दुधाविना गोठवलेले गोड पदार्थ : ताजी सुवासिक पाने आणि लिंबूवर्गीय फळे

दूध आणि साय वगळून थंड गोड पदार्थ करायचा ठरवला, की आइस्क्रीममध्ये दुधातील स्निग्धांश आणि प्रथिने जे काम करतात ते आता कोणाकडून करून घ्यायचे, हा पहिला प्रश्न उभा राहतो. स्निग्धांशामुळे जिभेवर मऊपणा येतो आणि प्रथिने पाणी व हवा धरून ठेवतात. फळांचा रस, पाणी आणि पाने एवढ्यावरच भिस्त असेल, तर यातील बहुतेक जबाबदारी साखरेवर येते. नारळाचे दूध वापरले तर ती साखर आणि खोबरेल यांच्यात वाटली जाते. म्हणून या पदार्थांत साखर ही केवळ गोडीपुरती नसते, आणि तिचे प्रमाण अंदाजाने ठरवणे हेच बहुतेक फसलेल्या सॉर्बेंचे (फळांचा रस आणि साखरेचा पाक गोठवून केलेल्या, दुधाविना आइस्क्रीमसारख्या पदार्थांचे) मूळ कारण असते.

साखरेचे गणित

शुद्ध पाणी ० अंश सेल्सिअसला गोठते, पण त्यात साखर विरघळली की गोठणबिंदू खाली जातो. मिश्रण थंड होऊ लागले की आधी त्यातील थोडे पाणी बर्फ होते, त्यामुळे उरलेला पाक अधिक दाट होतो, आणि तो दाट झाल्यामुळे गोठायला आणखी कमी तापमान मागतो. हे चक्र चालू राहिल्याने घरच्या फ्रीझरच्या उणे १८ अंशांतही मिश्रणाचा काही भाग द्रवच राहतो, आणि त्या द्रवामुळेच सॉर्बेत चमचा सहज शिरतो. एकूण वजनाच्या साधारण २५ ते ३० टक्के साखर असेल तर सॉर्बे नीट जमते. २० टक्क्यांच्या खाली गेल्यास डब्यात दगडासारखा गोळा तयार होतो आणि ३३ टक्क्यांच्या वर गेल्यास मिश्रण रात्रभर ठेवूनही पातळसर, चिकट राहते. काट्याने खरवडून करायच्या ग्रॅनिटाला आणि साच्यातील आईसकांडीला मात्र टणकपणाच हवा असतो, त्यामुळे तिथे १५ ते १८ टक्के साखर पुरते.

तब्येतीच्या काळजीपोटी सॉर्बेच्या कृतीतील साखर निम्मी करणे हा उपाय मला पटत नाही. त्याने गोडी कमी होते खरी, पण पोतही जातो आणि हाती सुगंधी बर्फ येतो. साखर कमीच खायची असेल तर वाटी लहान घ्यावी किंवा सॉर्बेऐवजी ग्रॅनिटा करावा.

हिशेब करताना फळाची स्वतःची साखरही धरावी लागते. संत्र्याच्या रसात ती साधारण १० टक्के असते, ग्रेपफ्रूटमध्ये त्याहून थोडी कमी, तर लिंबाच्या रसात जेमतेम २ ते ३ टक्के. म्हणजे ६०० मिली संत्र्याच्या रसात सुमारे ६० ग्रॅम साखर आधीच असते आणि लिंबाचे सॉर्बे करताना जवळजवळ सगळी साखर वरूनच घालावी लागते. यासाठी वाटी-चमच्याच्या मापांपेक्षा स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा वापरावा. काटा हाताशी नसेल तर एक जुनी युक्ती आहे. स्वच्छ धुतलेले, कवचासकट ताजे अंडे थंड मिश्रणात अलगद सोडावे. ते बुडाले तर साखर कमी आहे. ते तरंगून त्याच्या कवचाचा साधारण २ ते २.५ सेंटीमीटर व्यासाचा गोल वर दिसला तर प्रमाण ठीक आहे आणि त्याहून मोठा भाग वर आला तर थोडे पाणी घालावे. ही परीक्षा रस आणि पाक यांच्या गाळलेल्या मिश्रणातच चालते. नारळाच्या दुधात तिचा उपयोग नाही, आणि खाणाऱ्यांत कोणाला अंड्याची अॅलर्जी असेल तर ती टाळलेलीच बरी.

एकूण साखरेपैकी पाचवा ते चौथा भाग द्रव ग्लुकोज वापरला तर बर्फाचे कण बारीक राहतात आणि साखरेचे स्फटिक पुन्हा बनत नाहीत. मधानेही सॉर्बे मऊ होते, पण त्याचा स्वतःचा वास पानांच्या नाजूक वासावर कुरघोडी करतो. त्यामुळे तो रोझमेरी किंवा थाइमसारख्या दणकट सुगंधांबरोबरच घ्यावा. शिवाय एक वर्षाखालील बाळांना मध देऊ नये, हे त्यापासून केलेल्या थंड पदार्थालाही लागू आहे.

आणखी एक गोष्ट चाखताना ध्यानात ठेवावी. गारठलेल्या जिभेला गोडी आणि सुगंध दोन्ही कमी जाणवतात. म्हणून गोठवण्यापूर्वीचे मिश्रण किंचित जास्त गोड, किंचित जास्त आंबट आणि वासाला थोडे उग्रच लागले पाहिजे. त्या अवस्थेत ते सरबत म्हणून अगदी बेताचे लागले, तर गोठल्यावर ते फिके ठरणार हे नक्की. चिमूटभर मीठ घातल्याने ही उणीव काही अंशी भरून निघते.

साल आणि रस

लिंबूवर्गीय फळांचा खरा सुगंध रसात कमी आणि सालीत जास्त असतो. सालीच्या रंगीत थरात तेलाच्या बारीक पिशव्या असतात आणि त्याखालचा पांढरा भाग कडू असतो. फळे चकाकीसाठी मेण लावलेली असू शकतात, म्हणून ती कोमट पाण्यात घासून धुवावीत, कोरडी करावीत आणि कापण्याआधीच किसावीत, कारण रस काढलेल्या मऊ अर्ध्या फळाची साल किसणे हा निव्वळ वैताग असतो. किसणीवर एका जागी एक-दोन घासच द्यावेत आणि पांढरे दिसू लागले की फळ फिरवावे.

ही साल थेट पाण्यात टाकण्यापेक्षा आधी मोजलेल्या साखरेत चोळावी. दोन-तीन मिनिटे बोटांच्या चिमटीत रगडल्यावर साखर ओल्या वाळूसारखी दमट होते, तिला सालीचा फिकट रंग चढतो आणि वास साऱ्या ओट्यावर पसरतो. साखरेच्या कडा तेलाच्या पिशव्या फोडतात आणि बाहेर आलेले तेल साखरच शोषून घेते. अशी साखर पंधरा-वीस मिनिटे झाकून ठेवली आणि मग तिचा पाक केला, तर दोन लिंबांच्या सालीत जो गंध उतरतो, तो नुसती साल पाण्यात उकळून चार लिंबांतूनही मिळत नाही.

रस काढताना फळ सालीपर्यंत दाबून पिळू नये आणि बिया लगेच गाळून घ्याव्यात, नाहीतर कडवटपणा उतरतो. मोसंबीचा आणि काही जातींच्या संत्र्यांचा रस नुसता ठेवला तरी काही वेळाने कडू होत जातो, म्हणून तो आयत्या वेळीच काढावा. कोणताही रस पाकाबरोबर उकळू नये, कारण उष्णतेने त्याचा ताजेपणा जातो आणि तो शिजवलेल्या मुरंब्यासारखा लागतो. पाक आधी आणि तो पूर्ण थंड झाल्यावर रस, हा क्रम कधीही मोडू नये.

पानांचा सुगंध उतरवणे

येथे सरसकट एकच पद्धत वापरली तर हमखास निराशा होते, कारण पानापानांचा स्वभाव वेगळा असतो. रोझमेरी, थाइम आणि गवती चहा यांची पाने किंवा काड्या चिवट असतात, त्यामुळे त्यांना उष्णता लागते. पाक उकळून आच बंद करावी, त्यात पाने टाकून झाकण ठेवावे आणि वेळेवर काढून घ्यावीत. झाकण विसरू नये, कारण जो दरवळ खोलीत जातो तो पातेल्यातूनच जात असतो. गवती चहा पंधरा-वीस मिनिटे, चांगला चुरगाळलेला असेल तर अर्धा तासही राहू द्यायला हरकत नाही. रोझमेरीला मात्र दहा मिनिटांच्या पुढे जाऊ देऊ नये. अर्धा लिटर पाकाला बोटभर लांबीची एक डहाळी पुरे होते आणि त्याहून जास्त झाल्यास पदार्थाला औषधी, राळेसारखा वास येतो. थाइम या दोघांच्या मधला आहे, म्हणून दर पाच मिनिटांनी चाखून ठरवावे.

पुदिना, बेझिल, तुळस आणि कोथिंबीर ही मऊ पाने उकळत्या पाकात टाकली की काळवंडतात आणि त्यांना शिजलेल्या पालेभाजीचा वास येतो. त्यांच्यासाठी पाक आधी पूर्ण गार करावा, पाने हातानेच जराशी चुरगाळून त्यात बुडवावीत आणि भांडे झाकून चार ते सहा तास फ्रीजमध्ये ठेवावे. एक लिटर मिश्रणाला पुदिन्याची साधारण ३० ग्रॅम निवडलेली पाने लागतात. तुळस अधिक तिखट असल्याने तिचे प्रमाण निम्म्यावर ठेवावे. गाळताना पाने फार जोरात पिळू नयेत.

हा पाक सुगंधी होतो, पण हिरवा होत नाही. सॉर्बेला हिरवा रंगही हवा असेल तर थोडे कष्ट घ्यावे लागतात. पाने उकळत्या पाण्यात १० ते १५ सेकंद बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकावीत, मग पिळून गार पाकाबरोबर मिक्सरमध्ये बारीक वाटावीत आणि गाळावीत. पान चिरडले की त्यातील काही विकरे (एन्झाइम) हवेच्या संपर्काने त्याला तपकिरी करतात आणि या क्षणभराच्या उकळीने ती निष्क्रिय होतात. तरीही आंबटपणाचा धोका उरतोच. आम्लामुळे हरितद्रव्यातील मॅग्नेशियम निघून जाते आणि सुंदर हिरव्याचा मळकट शेवाळी रंग होतो. त्यामुळे लिंबाचा रस गोठवण्याच्या अगदी आधी घालावा आणि असे सॉर्बे दोन-तीन दिवसांत संपवावे. मला विचाराल तर घरच्यांसाठी करताना रंगाचा हट्ट सोडून द्यावा. पाहुण्यांसमोर ठेवायचे असेल तेव्हाच ही खटपट कामी येते.

जोड्या जुळवताना लिंबाला पुदिना, संत्र्याला बेझिल किंवा थाइम, ग्रेपफ्रूटला रोझमेरी आणि नारळाच्या दुधाला गवती चहा या सरळ वाटा आहेत. कोथिंबिरीची काही कोवळी पाने लिंबाबरोबर अनपेक्षितपणे छान लागतात, पण ती सर्वांनाच रुचतील असे नाही. एका पदार्थात दोन प्रकारची पाने घालण्याचा मोह मात्र आवरावा.

लिंबू-पुदिन्याचे सॉर्बे

यासाठी ५०० मिली पाणी, २४० ग्रॅम साखर, १५० मिली गाळलेला लिंबाचा रस, दोन लिंबांची किसलेली साल, पुदिन्याची २५ ते ३० ग्रॅम पाने आणि चिमूटभर मीठ घ्यावे. या प्रमाणात साखर एकूण वजनाच्या २७ टक्क्यांच्या आसपास येते. साल साखरेत चोळून ठेवावी, मग त्यात पाणी घालून साखर विरघळेपर्यंतच गरम करावे. पाक घट्ट करायचा नाही, त्यामुळे तो आटवू नये. तो गार झाल्यावर पुदिना घालून सांगितल्याप्रमाणे मुरवावा, गाळावा, रस आणि मीठ मिसळावे आणि मिश्रण फ्रीजमध्ये अगदी थंडगार करावे. कोमट मिश्रण गोठायला वेळ लावते आणि जितका वेळ जास्त तितके बर्फाचे स्फटिक मोठे होतात. बारीक स्फटिक जिभेला मऊ लागतात आणि मोठे खरखरीत, एवढाच सॉर्बेच्या पोताचा मामला आहे.

आइस्क्रीमचे यंत्र असेल तर त्याचे भांडे पूर्ण २४ तास आधी फ्रीझरमध्ये ठेवलेले असावे. हलवल्यावर आतून खळखळ ऐकू आली तर ते अजून तयार नाही. मिश्रण त्यात ओतून वीस-पंचवीस मिनिटे फिरवले की ते दाट, पांढुरके आणि फेसाळ होते. तेव्हा ते आधीच थंड केलेल्या डब्यात भरून तीन-चार तास घट्ट होऊ द्यावे.

यंत्र नसेल तर दोन मार्ग आहेत. पहिला माझ्या मते सर्वांत भरवशाचा आहे. मिश्रण बर्फाच्या ट्रेमध्ये भरून रात्रभर गोठवावे आणि वाढण्याच्या तासभर आधी ते खडे मिक्सरच्या मजबूत भांड्यात थोडे थोडे घालून थांबत थांबत फिरवावेत. आधी भुगा होतो, तो कडांना चिकटतो, चमच्याने खाली ढकलून पुन्हा फिरवला की काही क्षणांत एकाएकी मलईसारखा एकजीव होतो. तिथेच थांबावे, नाहीतर पात्याच्या उष्णतेने ते वितळू लागते. दुसरा मार्ग बर्फ-मिठाचा आहे. वजनाने तीन भाग फोडलेला बर्फ आणि एक भाग मीठ मिसळले की तापमान उणे १८ ते २० अंशांपर्यंत उतरू शकते. त्या मिश्रणात घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा रुतवून तो फिरवत राहावे आणि दर काही मिनिटांनी कडेला जमलेला थर लाकडी चमच्याने आत ओढावा. झाकण उघडण्यापूर्वी डब्याचा वरचा भाग पुसून घ्यावा, कारण खारट पाण्याचा एक थेंबही चव बिघडवतो, आणि त्या पाण्यात उघडा हात जास्त वेळ बुडवू नये.

संत्रे आणि बेझिलचे सॉर्बे याच रीतीने होते, फक्त त्यात पाणी नसते. ६०० मिली ताज्या संत्र्याच्या रसातून एक वाटी बाजूला काढून तेवढ्यात १४० ग्रॅम साखर न तापवता ढवळून विरघळवावी, बेझिलची १५ ते २० ग्रॅम पाने तासभर मुरवून गाळावीत आणि उरलेला रस व ४० मिली लिंबाचा रस मिसळावा. लिंबाविना संत्र्याचे सॉर्बे नुसते गोडमिट्ट लागते.

ग्रॅनिटा आणि आईसकांडी

ग्रॅनिटाला यंत्र नको, फक्त घरी थांबायची तयारी हवी. ५०० मिली पाणी, १२० ग्रॅम साखर आणि १२० मिली लिंबाचा रस, त्यात आवडीच्या पानांचा सुगंध, असे मिश्रण पसरट धातूच्या ताटात किंवा ट्रेमध्ये दोन सेंटीमीटरपेक्षा जास्त खोल न भरता फ्रीझरमध्ये सपाट ठेवावे. साधारण पाऊण तासाने कडांना बर्फाची झालर दिसते आणि मधले पाणी अजून हलते. काट्याने ती झालर मोडून आत ओढावी. पुढे दर अर्ध्या तासाने खरवडत राहावे. तीन तासांच्या आसपास सगळे ताट सुट्या, चमकत्या कणांनी भरते. मधली एखादी फेरी चुकून ते एकसंध झाले, तर दहा मिनिटे बाहेर ठेवून पुन्हा खरवडता येते.

आईसकांडीसाठी ४०० मिली ग्रेपफ्रूटचा रस, १०० मिली पाण्यात ७० ग्रॅम साखर विरघळवून केलेला आणि रोझमेरीत मुरवलेला पाक पुरेसा आहे. ग्रेपफ्रूट काही औषधांच्या परिणामात, विशेषतः कोलेस्टेरॉलच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांच्या बाबतीत, ढवळाढवळ करते. घरात कोणी अशी औषधे घेत असेल तर संत्रे वापरावे. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगते, म्हणून साचा काठोकाठ न भरता अर्धा सेंटीमीटर जागा सोडावी. काडी लगेच उभी राहत नसेल तर तासाभराने, मिश्रण चिखलासारखे झाल्यावर खोवावी. पानांचा किंवा फळाच्या पातळ चकतीचा तुकडा आत दिसायला हवा असेल तर तोही त्याच वेळी घालावा, आधी घातला तर तो वर तरंगतो. काढताना साचा कोमट पाण्यात दहा-पंधरा सेकंद धरावा.

नारळाच्या दुधाचा प्रकार

ज्यांना सॉर्बेच्या तरतरीपेक्षा आइस्क्रीमचा भरीवपणा हवा असतो त्यांनी ४०० मिली दाट नारळाचे दूध, ११० ग्रॅम साखर, एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर, गवती चहाची चार-पाच चुरगाळलेली पाने, ६० मिली लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ घ्यावे. कॉर्नफ्लोअर थोड्या गार नारळाच्या दुधात कालवून बाजूला ठेवावे. उरलेले दूध साखर आणि गवती चहा घालून वाफ येईपर्यंत तापवावे, वीस मिनिटे झाकून ठेवावे, पाने काढावीत, मग कालवलेले कॉर्नफ्लोअर घालून मंद आचेवर सतत ढवळत एक उकळी आणावी. ते चमच्याच्या पाठीवर थर धरू लागले की उतरवून पूर्ण थंड करावे आणि त्यानंतरच लिंबाचा रस घालावा, कारण गरम नारळाच्या दुधात आंबट पडले की ते फाटते. खोबरेल २४ अंशांच्या आसपासच थिजते, त्यामुळे हा पदार्थ थेट फ्रीझरमधून काढल्यावर मेणासारखा कडक लागतो. त्याला बाहेर दहा ते पंधरा मिनिटे द्यावीत.

पातळ दूध वापरून स्निग्धांश वाचवण्याचा प्रयत्न येथे फुकट जातो. नारळ चालत नसेल तर गरम पाण्यात चार तास भिजवून अगदी मुलायम वाटलेले काजू त्याची जागा घेऊ शकतात, मात्र सुक्या मेव्याची अॅलर्जी असणाऱ्यांना ते चालणार नाहीत.

लेबल, साठवण आणि वाढणे

दूध केवळ पचत नाही म्हणून टाळणारा आणि दुधातील प्रथिनांची अॅलर्जी असणारा यांच्यात मोठा फरक आहे. दुसऱ्यासाठी अगदी थोडे प्रथिनही घातक ठरू शकते. नारळाच्या दुधाच्या कित्येक पावडरींमध्ये आणि दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पावडरींमध्ये सोडियम केसिनेट असते आणि ते दुधातूनच येते. त्यामुळे पाकिटावरील मोठ्या अक्षरांपेक्षा घटकांची बारीक यादी वाचावी. ज्या यंत्रात आधी दुधाचे आइस्क्रीम केले असेल त्याचे पाते, झाकण आणि रबरी कडा सुट्या करून साबणाने धुवाव्यात.

भरलेल्या डब्यात पदार्थाच्या पृष्ठभागाला चिकटेल असा बटर पेपर लावून मगच झाकण घालावे, म्हणजे वर बर्फ धरत नाही आणि फ्रीझरमधील इतर वास शिरत नाहीत. डबा फ्रीझरच्या दारात न ठेवता आत मागच्या बाजूला ठेवावा. दार उघडताना तापमान खाली-वर झाले की लहान स्फटिक वितळून मोठ्यांवर जाऊन बसतात आणि पदार्थ खरखरीत होतो. सॉर्बे आणि नारळाचा प्रकार दोन ते तीन आठवडे चांगला राहतो, ग्रॅनिटा मात्र त्याच दिवशी खावा. सॉर्बे वाढण्यापूर्वी पाच ते दहा मिनिटे फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावे आणि वर घालायची ताजी पाने आयत्या वेळी तोडून घालावीत. वीज गेल्याने मिश्रण वितळले आणि ते तोवर थंडच राहिले असेल, तर सॉर्बे फेकून देण्याची गरज नसते. ते तसेच गोठवल्यास खडा होतो, पण पुन्हा बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून मिक्सरमधून फिरवल्यास पोत बऱ्याच अंशी परत येतो.